ट्रॅकपाशी उतरायचं की भाचीकडे

आमच्या घरी परगावी जायचं निघालं की पहिला प्रश्न एकच असतो, "उतरायचं कुणाकडे?" हॉटेलात उतरणं म्हणजे अगदीच काही इलाज उरला नाही तर. ग्वाल्हेरला लग्न असो, उज्जैनला दर्शन असो, नाशिकला कुणाचं तेरावं असो, कुणी ना कुणी निघतंच. सख्खं नाही तर चुलत, चुलत नाही तर यांच्या कारखान्यातलं कुणी. ते सतरंजी टाकतात, आपण झोपतो, सकाळी आंघोळीला नंबर लावतो. त्यामुळे हे मोटारींची शर्यत बघायला ऑस्ट्रियाला जाणार असं ठरलं, तेव्हाही हाच प्रश्न आला, आणि त्यावरून महिनाभर जे चाललं ते मी लिहून ठेवते आहे.

शर्यतीचं वेड यांना फार जुनं. कारखान्यात असताना हे मोठाली मशिनं तपासायचे. सांगायचे की सायकलवरून गेटापाशी पोचेपर्यंतच आतल्या मशिनाची तब्येत आवाजावरून कळते. निवृत्त झाले, ते आवाज गेले आणि रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मोटारी आल्या. पहिल्यांदा मला वाटायचं, गोल गोल फिरून परत तिथंच यायचं तर निघायचं कशाला? पण शर्यत चालू असताना आमच्या घरी कुणी बोलत नाही, मला कुणी काही विचारत नाही, म्हणून मलाही ती आवडायला लागली. मेथी निवडता निवडता मला चाकं कधी बदलतात, कोण उगाच घाई करतो, हे समजायला लागलं.

पण टीव्हीवर यांचं समाधान नव्हतं. एकदा म्हणाले, "हा आवाज टीव्हीवाले दाबून देतात. खरा आवाज असा येत असेल की अंथरुणात पडल्या पडल्या कानावर पडावा. सकाळी जाग यावी ती त्यानेच."

मुलीने ते ऐकून ठेवलं असावं. ती इथेच भोपाळला बँकेत नोकरी करते, आमच्याजवळ मिसरोदलाच राहते. यांच्या वाढदिवसाला तिने मोबाइल यांच्यासमोर धरला. तीन दिवसांची तिकिटं, दोघांची. शुक्रवारी सराव, शनिवारी पुढे कुणी उभं राहायचं ते ठरतं, रविवारी शर्यत. हे चष्मा काढून पुसत बसले. मी म्हटलं, "दोघांची कशाला?" तर मुलगी म्हणाली, "आई, बाबांना एकट्याला पाठवलं तर ते तिकडेच राहतील यार."

यांचे गुडघे आता कुरकुरतात. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतात, हे पुढच्या वर्षी म्हणतात. त्यामुळे जायचं तर आत्ताच, हे सगळ्यांना न बोलता कळलं होतं.

मग रोज संध्याकाळी टीव्हीवर घरं बघायचा कार्यक्रम सुरू झाला. मुलगी मोबाइल टीव्हीला जोडायची आणि आम्ही तिघं एका ओळीत बसायचो. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण त्यांचे शब्द लावत बसेपर्यंत मुलगी पुढच्या पानावर गेलेली असते. म्हणून मी फोटो बघायचे.

पहिले आले तंबू. ट्रॅकला लागून हिरवं कुरण, त्यात रांगेने तंबू. हे एकदम पुढे सरकले. "हे बेस्ट! इथून आवाज काय, वासही येईल पेट्रोलचा."

"बाबा, टॉयलेट कॉमन आहे. कुरणाच्या त्या टोकाला."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मटार सोलत होते, सोलत राहिले. आमच्या घरात माझा नकार माझ्या हातांच्या वेगावरून ओळखतात. यांनी हळूच सुस्कारा टाकला. "पुढचं दाखव."

पुढचं म्हणजे ग्राझ नावाच्या गावातलं हॉटेल. लिफ्ट, गालिचा, पांढऱ्या शुभ्र गाद्या. ट्रॅकपासून गाडीने तासभर. मुलीला ते फार पसंत. पण फोटोत नाश्त्याचा मोठा हॉल होता, लोक ताटल्या घेऊन उभे, आणि मला त्यात मी दिसायला लागले, हातात ताटली, कुठल्या टेबलाशी बसायचं ते कळत नाही, आणि कोट घातलेला कुणी येऊन विचारतो आहे. मटार संपले होते तरी मी टरफलं चाळत बसले.

"आई, तू बोल ना कुछ. तुला काय आवडलं?"

"बघू," मी म्हटलं. माझ्या बोलण्यातला हा सगळ्यात लांब शब्द आहे, असं मुलगी म्हणते.

एवढं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग रविवारी सकाळी यांनी नेहमीप्रमाणे इंदूरला वन्संना फोन केला. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, यांना वन्संनीच शाळा सोडून वाढवलं. यांचं वय आज काहीही असो, फोनवर त्यांचा आवाज आला की हे उभे राहून बोलतात. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तंबू? हॉटेल?" वन्सं म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना? माझी लेक व्हिएन्नाला बसली आहे आणि तिचा सख्खा मामा त्याच देशात जाऊन तंबूत राहणार? लोक काय म्हणतील, भाचीने दारात उभं केलं नाही?"

"तसं नाही ताई, ते ट्रॅक जरा लांब..."

"लांब असू दे. गाड्या नाहीत का तिकडे? मी तिला आत्ता सांगते. आणि मी मसाला, कुरडया देणार आहे तिच्यासाठी, ते पोचवायला तुम्ही जाणारच ना?"

"हो ताई."

झालं. ताईंना हो म्हणून झालं की त्यानंतर पुढे काही नसतं.

मुलगी ऑफिसातून आली तेव्हा तिला हे कळलं. तिने नकाशा उघडला आणि डोक्याला हात लावला. "बाबा, व्हिएन्ना आणि हा ट्रॅक म्हणजे आपलं इंदूर आणि भोपाळ. तुम्ही रोज इंदूरहून भोपाळला मॅच बघायला येणार? आणि रात्री परत?"

"लोक करतात की अप-डाउन. माझ्या सेक्शनला एकजण इटारसीहून यायचा."

"तो पंचविशीतला असेल! तुमचे गुडघे?"

"शुक्रवारी तसं खास काही नसतं," हे म्हणाले. "सरावच तो. शनिवारीही काही... रविवारी एक दिवस गेलो तरी पुष्कळ. बाकी दिवस व्हिएन्ना बघू. हिला देवळं बिवळं आवडतात."

व्हिएन्नात देवळं कुठून येणार, हे मी विचारलं नाही. यांनी टीव्ही लावला, जुनी एक शर्यत होती, आणि आवाज वाढवला. नेहमीपेक्षा बराच. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी उठून आत गेले आणि कणीक मळायला घेतली.

कणीक मळताना मला साकेत नगर आठवलं. आम्ही भोपाळला आलो तेव्हा आधी नेहरू नगरला भाड्याने होतो, मग साकेत नगरला. तिथे शेजारीच मोठं हॉस्पिटल. आमच्या घरमालकीण मागच्या दोन खोल्या पेशंटच्या घरच्यांना द्यायच्या. खेड्यापाड्यांतून आलेले लोक. मालकीणबाईंची आणखी एक खोली होती, जरा लांब, पण मोठी, हवेशीर, स्वतंत्र नळ. ती त्या त्याच भाड्यात द्यायला तयार असत. कुणी घेत नसे. एक म्हातारी तर जिन्याखालच्या जागेत राहिली, का, तर तिथल्या झरोक्यातून हॉस्पिटलचा तिसरा मजला दिसायचा आणि तिचा मुलगा तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकीत तो थोडाच दिसणार होता? पण ती तिकडे तोंड करून जेवायची. मुलगा बरा होऊन गेला, जाताना दोघं पेढे देऊन गेली.

हे काही हॉस्पिटलात चालले नव्हते, मजा करायलाच चालले होते. पण मला ती म्हातारी आठवली खरी.

दोन दिवसांनी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. गोड मुलगी आहे. "मामी, तुम्ही नक्की यायचं. घर दाखवते हं." तिने फोन हातात धरून एक गिरकी घेतली आणि घर संपलं. एका गिरकीत ओटा, पलंग, पाळणा आणि पाळण्यात झोपलेलं बाळ. ती आली पहिल्या जागी.

"तुम्ही दोघं पलंगावर झोपा. आम्ही ओट्याशी गादी टाकू. पाळणा बाथरूमच्या दाराशी सरकवला की झालं. काऽही प्रॉब्लेम नाही."

ती हसली. ते हसू मला चांगलं ओळखीचं आहे. न कळवता पाच माणसं दारात आली की मी असंच हसते आणि आत जाऊन तांदळाचा डबा बघते. म्हणजे तिलाही आईला नाही म्हणता आलं नव्हतं. इकडे हे, तिकडे ती, आणि मध्ये इंदूरला वन्सं मसाला कुटत होत्या.

त्या संध्याकाळी मी आपण होऊन मुलीला म्हटलं, "ती घरं परत लाव जरा."

"कुठली?"

"ट्रॅकपाशी आणखी होती ना काही. तू पटकन पुढे नेलीस ती."

ती शेतकऱ्यांची घरं होती. ट्रॅकच्या आसपासच्या वाड्यांवर लोक आपल्या घरातल्या खोल्या शर्यतीपुरत्या देतात. मुलीला ती भरवशाची वाटली नव्हती. तिने एकेक लावलं. सगळ्यांच्या खिडक्यांत लाल फुलं.

"मागून कसं आहे?"

"आई, मागचा फोटो कोण टाकतं?"

मला घर मागूनच बघायची सवय आहे. नेहरू नगरचं घर पुढून इतकं छान होतं की आम्ही लगेच घेतलं, आणि मागे कपडे वाळत घालायला वीतभर जागा नव्हती. सगळा पावसाळा घरात आंबट वास. तेव्हापासून साकेत नगरचं, मिसरोदचं, दोन्ही घरं मी आधी मागे जाऊन बघितली.

एका घराचा असा एक फोटो निघाला. खरं म्हणजे डोंगर दाखवायला काढलेला होता. पण खाली कोपऱ्यात दोरी होती, आणि दोरीवर उशांच्या खोळी, दोन गंज्या आणि एक एप्रन. म्हणजे इथे कुणी राहतं. कपडे धुतं, वाळवतं. खोलीत एक लहानशी शेगडीही दिसत होती, म्हणजे ताटली घेऊन हॉलमध्ये उभं राहायला नको.

"हे घे," मी म्हटलं.

"हे? का?"

"ट्रॅक किती लांब?"

मुलीने बघितलं. "टेकडीच्या पलीकडे. चालत जाता येतं म्हणे. बाबाही जातील हळूहळू."

यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर ते घर होतं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अगं, पण ताई..."

"वन्संना मी सांगते."

मुलीने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. "बाबा, आईला ताप नाहीये."

आता म्हणायला म्हटलं. पण वन्संशी मी आजवर फोनवर "बऱ्या आहात ना?" आणि "हे देते हं यांना" याच्या पलीकडे बोललेले नव्हते. भाजी फोडणीला टाकताना मी बोलायचं ते मनात म्हणून बघायचे. मनात फार छान जमायचं. मोबाइल हातात घेतला की दुधाची वेळ झालेली असायची. हे काही विचारत नव्हते, पण येता जाता माझ्याकडे बघत होते, निकालाची वाट बघतात तसे. खोली राखून ठेवली होती, ती नक्की करायची की सोडायची ते सांगायचं होतं.

शेवटी एका दुपारी हे पाण्याच्या मोटरीकडे गेलेले बघून मी फोन लावला.

"वन्सं, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. दे त्याला."

"मीच बोलते आहे."

"काय झालं? पडला का कुठे?"

"नाही नाही. आम्ही... आम्ही ट्रॅकपाशी राहतोय. घर बघितलंय. तुमच्या लेकीकडे परत येताना दोन दिवस राहू."

वन्संनी विचारलं, "तो मागून शिकवतोय का तुला?"

"ते मोटर लावायला गेलेत."

"म्हणजे हे तुझं डोकं."

"हो."

"तुला कधीपासून गं कळायला लागलं व्हिएन्ना कुठे नि काय कुठे?"

मनात पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मी म्हटलं, "वन्सं, इंदूर-भोपाळ एवढं लांब आहे."

"रोज?"

"रोज. जाऊन येऊन."

"हे त्याने मला नाही सांगितलं."

"तुम्हाला ते नाही म्हणत नाहीत ना. ते म्हणतात रविवारी एक दिवस जाईन, बास. पण त्यांना सकाळी उठल्या उठल्या अंथरुणात आवाज ऐकायचा आहे. मोटारींचा. एवढंच आहे त्यांचं."

भाचीच्या पाळण्याचं मी बोलले नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

"अंथरुणात," वन्सं म्हणाल्या. "गाढव आहे नुसता." आणि फोन ठेवला. "ठेवते हं" सुद्धा म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे घरात मांजरासारखे वावरत होते. "तू नीट सांगितलंस ना? काय म्हणाली ती? तस्सं सांग."

"गाढव म्हणाल्या."

"मला की तुला?"

"तुम्हाला."

"मग ठीक आहे," असं म्हणायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. खोली सोडून देऊ या असंही एकदा म्हणाले. मी त्यांच्यासमोर कोथिंबीर निवडायला बसले आणि इतकी सावकाश निवडली की तो विषय परत निघाला नाही.

मग एके दिवशी फोन वाजला, आणि यांच्या हातात द्यायला गेले तर स्पीकरमधून आवाज, "त्याला नको देऊस. तुलाच विचारायचंय. तिथे शेगडी आहे ना?"

"आहे."

"मग मेतकूट दोन ठिकाणी बांधते. एक लेकीचं, एक तुमचं. आणि भाताला तूप..."

"तूप नेऊ देत नाहीत म्हणे, वन्सं."

"कसले लोक आहेत! आणि तिथे जाऊन राहायची एवढी हौस." फोन बंद. हे तोवर उभे राहिलेले होते. ते सावकाश खाली बसले आणि मुलीला म्हणाले, "कर गं ती खोली पक्की."

व्हिएन्नाला भाची विमानतळावर आली होती. तिने आम्हाला गाडीत बसवून दिलं, मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मामी, थँक यू हं." मी आपलं "बाळाला जप" म्हटलं.

घर फोटोतल्यासारखंच होतं. फक्त आमच्या खोलीच्या खाली गोठा होता, आणि फोटोत वास येत नाही. गाईंच्या गळ्यात एवढाल्या घंटा. हे नाक दाबून म्हणाले, "तुझी निवड!" मी म्हटलं, "तंबूत होता का असा वास?" आमची घरमालकीण उंच, लालबुंद गालांची, एप्रन बांधलेली. फोटोतलाच एप्रन. ती त्यांच्या भाषेत भरभर बोलायची आणि मी मान हलवायचे. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची, त्यामुळे मी लाजते आहे हे तिला कळलंच नाही. तिला वाटलं ही अशीच बोलते. इतक्या आरामात मी कुठल्याच परक्या घरी राहिले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी चहा केला. हे जागे होते, पण उठत नव्हते. पांघरूण हनुवटीपर्यंत, डोळे मिटलेले, शाळा चुकवायला पोरं झोपेचं सोंग घेतात तसे.

"उठा, चहा झाला."

"थांब गं."

चहावर साय आली. खाली गाई हलत होत्या, घंटा वाजत होत्या. मला वाटायला लागलं, टेकडी मध्ये आहे, ती आवाज अडवत असेल तर? एवढं वन्संशी बोलून, एवढा रुसवा काढून, आणि ऐकू नाहीच आलं तर? मी खिडकी पूर्ण उघडली.

मग तो आला. आधी लांबून, कापड फाडावं तसा, मग टेकडीवरून उतरून सरळ खोलीत. कपातला चमचा किणकिणला. यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत पडून राहिले.

"छोट्या गाड्या आहेत या," म्हणाले. "मोठ्या शर्यतीतल्या दुपारी येतील." पांघरुणातून एक हात काढून कपाळावर ठेवला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. वन्सं. तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ झाली असेल. यावेळी हे उभे राहिले नाहीत. आडव्या आडव्याच फोन घेतला. "ताई, ऐक," म्हणाले आणि हात लांब करून फोन खिडकीकडे धरला.

स्पीकरमधून वन्सं ओरडत होत्या, "अरे तिला आधी मिक्सर बंद करायला सांग! काही ऐकू येत नाही!"

"ताई, तेच ऐक. तोच तो आवाज."

फोन तसाच खिडकीकडे होता, मोटारी टेकडीमागून जात होत्या, परत येत होत्या. इंदूरला कुकरची एक शिट्टी झाली, तीही ऐकू आली. बऱ्याच वेळाने वन्सं म्हणाल्या, "अंथरुणातच आहेस ना अजून?"

"हो."

"पड मग जरा," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, मेतकुटाचा डबा घट्ट लाव."

मी गार झालेला चहा परत शेगडीवर ठेवला आणि रात्रीचा ओला टॉवेल घेऊन मागच्या बाजूला गेले. दोरीवर मालकीणबाई उशांच्या खोळी घालत होत्या. माझ्या हातातला टॉवेल बघून त्यांनी खोळी सरकवल्या आणि मला कडेची जागा करून दिली.